कांदा

टाकळीच्या नाल्यात मला अंडं सापडलं होतं.
तपकिरी, जड, दोन हातांत न मावणारं.
दप्तरातली पुस्तकं बाकाखाली ठेवून
ते आत घातलं, आणि सेमिनरी हिल्सचा चढ चढलो,
एप्रिलात, दुपारी दोनला,
डोक्याला ओला दुपट्टा.

चौकीदार म्हणाला, "काऊन आला बे?"
"बाईंना अंडं दाखवाचं हाये."
तो हसला नाही. वहीत लिहिलं: अंडं, एक.
वरच्या ओळींत होते
दात, चार. नागाचा मणी, एक.
राक्षसाची करंगळी, आणणाऱ्याच्या म्हणण्यानुसार.

बारापात्रे बाई कूलरचे तुषार चुकवत
हाडाच्या तुकड्यांवर नंबर घालत होत्या.
माझं अंडं त्यांनी फिरवून पाहिलं,
मग हातोडीनं एकाच जागी टक्.
पापुद्रा सुटला. त्याखाली दुसरा. त्याखाली आणखी.
"अंडं नाही रे. कांदा आहे.
लाव्हा निवला, तडकला,
पाण्यानं कोपरे खाल्ले,
आणि ऊन बसलंय तेव्हापासून सोलत."

मी रडायच्या बेतात.
तर त्या विचारतात,
"नाल्यात कुठं होता? वरच्या काळ्या दगडात
की खालच्या हिरवट मातीत?"
मला ठाऊक नव्हतं.
"मग अर्धाच आणलास. उरलेला तिथं राहिला.
जा, बघून ये."

एकतीस वर्षं बाईंनी लोकांना नाही म्हटलं.
नाही, दात नव्हे, गारगोटी.
नाही हो काका, मणी नव्हे, सोड्याच्या बाटलीची गोटी.
आणि प्रत्येक नाहीनंतर एक प्रश्न,
की माणूस रिकाम्या हातानं परत जाऊ नये.

वडिलांचा माग पाचपावलीत.
तिथं त्या उभे धागे मोजायला शिकल्या,
चूक दिसते त्याच्या चार बोटं मागं असते, हेही.

पहिल्या मोहिमेला जीपमध्ये सात पुरुष आणि त्या.
वरोऱ्याकडच्या एका वावरात
निंदणाऱ्या बायांनी विचारलं,
"कायचं शोधून राहिली वो बाई?"
"शेण. दगड झालेलं."
बाया बांधावर बसून हसल्या.
मग त्यातली भागरता उठली, एक पो उचलला,
सवयीनं नाकाशी नेला,
आणि म्हणाली, "जनावर मंग सांगजो.
चारा कोनता खाल्ला, थे पाह्य पयले."

तो प्रश्न बाईंनी नागपूरला आणला,
कापून, घासून भिंगाखाली ठेवला.
साडेसहा कोटी वर्षांपलीकडून
गवताचे काचकण त्यांच्याकडे बघत होते.
इंग्रजी निबंधाखाली पाच नावं छापली.
भागरताचं नव्हतं.
हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा चष्मा पुसत.

म्हणून असेल, मराठीत बोलताना
त्यांची गोष्ट तिच्यापासूनच सुरू व्हायची.
कामठीची शाळा, महालातलं वाचनालय,
एकदा तर लग्नाच्या मांडवात, वरात यायला उशीर झाला म्हणून.
स्टीलचा डबा उघडायच्या: "घ्या वास."
पोरं नाक धरून मागं सरायची,
मग एक जण पुढं. मग झुंबड.
डायनासोर केवढा, तर हात पसरून सातवीच्या मुली उभ्या करायच्या,
शेपूट मैदानाबाहेर जाऊन
पानठेल्याशी संपायची.

मी आता बोअरच्या गाडीवर असतो.
काटोल रोड, गोरेवाडा, हिंगणा.
मालक खुर्ची टाकून विचारतो, पाणी केव्हा?
मी चिमूटभर चुरा तळहातावर घेतो.
काळा आहे अजून. मग विटकरी. मग काळा.
बाईंनी खोली लिहायची वही दिली होती,
ती भरली, तेव्हा दुसरी मी विकत आणली.

मोतीबिंदूनंतर त्यांना फोनवरच सांगावं लागतं.
"रंग?" विचारतात. "ओला असताना की सुकल्यावर?"

परवा हिरवट माती लागली
आणि तिच्यातून एक पांढुरकी कपची वर आली,
नखाएवढी, एका बाजूनं बारीक पुटकुळ्या.
डिझेलच्या पावतीत गुंडाळून खिशात ठेवलीय.
अजून फोन केला नाही.
नाहीच म्हणतील बहुतेक.

दोनशे बारा फूट.
ओली असताना.